एक्झॉस्ट राहू द्या, आधी गालिचा उचला

वाचकाचं पत्र

नमस्कार. गेल्या दिवाळीत 2004 सालची पोर्शे बॉक्सस्टर घेतली. 2.7 लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर, मीटरवर 52 हजार. कॉलेजपासूनची हौस होती, पन्नाशीच्या आत पुरी केली. आधीच्या मालकांनी गाडी बेसमेंटमध्ये दोनेक वर्षं नुसती उभी ठेवली होती. आमच्याकडे मुलुंडला ती उघड्या पार्किंगमध्ये असते, वर प्लास्टिकचं कव्हर.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये एसी लावला की काटा चढायचा, बराच वर गेल्यावर पुढचा पंखा एकदम जोरात सुटायचा आणि काटा खाली यायचा. गाडी पळत असली की काही त्रास नाही. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी मिसिंग मारते (एखादा सिलिंडर पेट घेत नाही, इंजिन अडखळतं), चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाल्याने सहाही प्लग बदलले. चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. आता तो म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. त्यात परवा रात्री दोन वाजता अलार्म आपोआप वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते इथे लिहीत नाही.

शिवाय रोज रात्री इंटरनेटवर इंजिनच्या आतल्या आयएमएस बेअरिंगबद्दल वाचतो आणि झोप उडते. ते केव्हाही जातं आणि जाताना इंजिन घेऊन जातं म्हणे. बदलून टाकू का?

गाडीसाठी चार लाख बाजूला ठेवलेत. मनात होतं स्पोर्ट्स एक्झॉस्ट, ईसीयूचं रिमॅप (ताकद वाढवायला त्यातला प्रोग्रॅम बदलणं) आणि 18 इंची अलॉय. बायको म्हणते पांढरा हत्ती आहे, विकून मोकळे व्हा. काय करू?

मुलुंडकर

उत्तर

मुलुंडकर, विकू नका. निदान या पावसाळ्यात तरी नका, कारण ओल्या गालिच्याची गाडी घेणार कोण?

गालिचा ओला आहे असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, ठाऊक आहे मला. तरी आज संध्याकाळी घरी गेलात की सीट पुढे सरकवून मागच्या बाजूला हात घाला आणि गालिचा नुसता चाचपू नका, जोरात दाबा. वरून कोरडा लागेल, कारण खाली जाड फोम आहे आणि पाणी तो पितो. बोटांना गार ओल लागली की अलार्मचं कोडं सुटलं. या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सांभाळणारा डबा सीटखाली, गाडीच्या अगदी तळाला बसवलाय. जर्मनीत कुणाला तरी ती जागा सोयीची वाटली असेल. मुलुंडच्या जुलैत ती तळ्याची जागा आहे.

पाणी येतं छतातून, पण छत फाटलेलं नसतं. कापडी छतावरचं पाणी मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या पन्हाळीत उतरतं आणि तिथल्या नळीतून गाडीच्या खाली जातं. त्या नळीच्या तोंडाशी धूळ, पानं, गुलमोहराच्या पाकळ्या आणि कबुतरांची कृपा साचली की बोळा तयार होतो. मग पाणी पन्हाळ भरून आत सांडतं. छत अर्धं उघडून थांबवा, टॉर्च घ्या, दोन्ही कोपरे बघा. गाळ हाताने काढा. नळीत गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार हलकेच वरखाली फिरवा, मग लोट्याने थोडंथोडं पाणी ओता आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली ठिबकतंय का ते बघायला कुणाला तरी वाकायला लावा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. आतला नळीचा जोड निसटतो आणि मग पाण्याला कायमची वाट मिळते. जाता जाता पुढचं बोनेटही उघडा. काचेखाली, बॅटरीच्या आजूबाजूलाही अशीच भोकं आहेत, तिथली पानंही काढा.

फोम ओला निघाला तर सीट काढावीच लागेल. चार बोल्टचं काम आहे, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. सीटखाली एअरबॅगच्या यंत्रणेचे कनेक्टर असतात. ते सुटलेले असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला पुन्हा स्कॅनरवाला. गालिचा उचलून खाली पंखा लावून दोनतीन दिवस ठेवा. डबा उघडून आत हिरवी बुरशी दिसते का बघा. दिसली तर तो टीव्ही-मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या, नवीन डब्याच्या मागे लगेच लागू नका. नव्या डब्याला तुमच्या गाडीच्या चाव्या आणि इमोबिलायझरचे कोड शिकवावे लागतात, आणि ते कोड आधीच्या मालकाने सांभाळून ठेवले असतील अशी आशा करणं म्हणजे भाबडेपणा.

प्लास्टिकचं कव्हर मात्र आजच काढा. आतली वाफ त्याखाली कोंडते आणि गाडी ओली ती ओलीच राहते. सोसायटीत कुणाची स्टिल्टखालची जागा भाड्याने मिळत असेल तर तुमच्या चार लाखांतला पहिला खर्च तो. मला विचाराल तर याहून चांगलं अपग्रेड या गाडीला नाही.

आता मिसिंग. तुमच्याच पत्रात उत्तर आहे, गॅरेजवाल्याने ते वाचलं नाही इतकंच. प्लग बदलल्यावर चार दिवस बरी चालली. का? प्लग काढायचे तर आधी सहाही इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारे भाग, काढाव्या लागतात. त्या निघाल्या, फडक्याने पुसल्या गेल्या, कोरड्या बसल्या. चार दिवसांनी पुन्हा ओल धरली. या कॉइल इंजिनच्या खालच्या अंगाला, एक्झॉस्टजवळ असतात. वर्षानुवर्षं तापून त्यांच्या वेष्टनाला बारीक तडे जातात. हवा कोरडी असेपर्यंत काही कळत नाही. दमट सकाळी ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी त्या तड्यातून बाजूच्या धातूवर उडी मारते. इंजिन तापून ओल सुकली की गाडी शहाणी होते, म्हणून दुपारी गॅरेजात दाखवली की काहीच सापडत नाही.

खातरजमा कशी करायची? स्कॅनरवर कोड बघा. पी0300 म्हणजे कुठेतरी मिसिंग आहे एवढंच. पण पी0301 ते पी0306 यांतला कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी0302 आला. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला लावा, तीनची दोनला. कोड पुसा, सकाळी थंड इंजिनवर पुन्हा चालवा. आता पी0303 आला तर कॉइल दोषी. पी0302 तसाच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर, वायरिंग. मागची चाकं काढली की कॉइलपर्यंत हात पोचतो. यात पार्ट एकही विकत घ्यायचा नाही, फक्त एक सकाळ द्यायची. कॉइल मूळच्याच, वीस वर्षांच्या निघाल्या तर सहाही बदला, एकेक बदलत बसू नका. कॉइल काढल्यावर प्लगच्या विहिरीत तेल दिसलं तर तिथल्या नळ्यांच्या ओ-रिंगही त्याच वेळी.

ईसीयू जात नाही असं नाही, पण तो रांगेत शेवटचा. त्याआधी बॅटरी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. व्होल्टेज कमी असलं की या गाड्यांचे कंट्रोल युनिट एकमेकांवर खोटेनाटे आरोप करायला लागतात आणि स्कॅनरवर कोडची जत्रा भरते. जो मेकॅनिक व्होल्टमीटर न लावता ईसीयूचं नाव घेतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि हो, स्कॅनर कुठला तेही विचारा. कुठल्याही गाडीला चालणारं स्वस्त यंत्र इंजिनचे कोड दाखवतं, पण अलार्म, एअरबॅग, एबीएस त्याला दिसत नाहीत. ड्युरामेट्रिक किंवा पोर्शेचं पिविस असलेला माणूस शोधा. चाचणीचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. तुम्ही आतापर्यंत सहा प्लगांचे पैसे दिलेत, निदानाचे एकदाही दिलेले नाहीत.

एक ताकीद. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर हळू घरी जा. लुकलुकायला लागला तर तिथेच बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटत असतं. कॉइलच्या खर्चाच्या जागी कन्व्हर्टरचा खर्च उभा राहतो.

काटा चढण्याचं तुम्ही फार नेमकं लिहिलंत, त्याबद्दल आभार. "बराच वर गेल्यावर पंखा एकदम जोरात सुटतो" या वाक्यात निदान जवळजवळ आलं. पुढे दोन रेडिएटर आहेत, डावा-उजवा, आणि प्रत्येकाला एक पंखा. पंख्याला दोन वेग. मंद वेग एका रेझिस्टरमधून येतो, जलद वेग थेट. रेझिस्टर पुढच्या बंपरमागे पाण्यापावसात असतो, गंजतो, तुटतो. मग मंद वेग जातो आणि तापमान पार चढून जलद वेगाची पाळी येईपर्यंत पंखा स्वस्थ बसतो. तपासणी अशी: थंड इंजिन चालू करा, एसी लावा, बाहेर येऊन दोन्ही बाजूंच्या जाळीशी कान लावा. दोन्ही पंखे सावकाश फिरताना ऐकू आले पाहिजेत. एक जरी गप्प असेल तर त्या बाजूचा रेझिस्टर. मूळ पार्ट स्वस्त आहे, तिथे हात पोचवायला मात्र बंपर काढावा लागतो.

आणि बंपर काढलाच आहे, तर आता खरी गंमत बघा. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, मधे दोनेक बोटांची फट. गाडीचं तोंड जमिनीलगत, त्यामुळे पुढे जे काही उडतं ते सगळं आत. तिथे वाळलेली पानं निघतात, वेफर्सच्या पिशव्या निघतात, गुटख्याच्या पुड्या निघतात, आणि हे सगळं चिखलात मळून एक थर झालेला असतो. बाहेरून जाळीतून टॉर्च मारला तर यातलं फारसं काही दिसत नाही. कंडेन्सर हलकेच सुटा करून मागे पाणी मारा, साध्या नळाच्या जोराने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पापुद्र्यासारख्या पट्ट्या झोपतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत हा ओला थर धातू खातो, तेव्हा रेडिएटरच्या खालच्या कडेला पांढरी पावडर किंवा ओलसर डाग दिसला तर तो रेडिएटर यंदाच बदलायच्या यादीत घाला. बंपर काढायची मजुरी पुन्हा कशाला द्यायची?

वॉटर पंपाचाही विचार करा. आतला पंखा प्लास्टिकचा असतो, तो म्हातारा झाला की पाती तुटतात आणि तुकडे कूलंटच्या वाटांत जाऊन अडकतात. पट्टा काढून पंपाची पुली हलवून बघा, जराही डुगडुगली तर बदला. कूलंट भरताना डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नको आणि बोअरचं तर मुळीच नको. इंजिन मध्यभागी आणि रेडिएटर नाकाशी, त्यामुळे नळ्या लांबलचक. आत हवा राहिली की काटा पुन्हा नाचतो. व्हॅक्यूम लावून भरणारा माणूस मिळाला तर उत्तम.

कुणी तुम्हाला कमी तापमानाचा थर्मोस्टॅट विकायला येईल. त्याने ट्रॅफिकमधलं तापणं थांबत नाही. थर्मोस्टॅट उघडायचं कधी एवढंच ठरवतो. उघडल्यावर उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं आणि पंख्याचं.

आता तुमची झोप उडवणारं बेअरिंग. इंटरनेटवर वाचून घाबरलात, पण ते नेमकं काय आहे हे समजलं तर निम्मी भीती जाईल आणि उरलेली निम्मी कामाला लागेल. इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट आहे, इंटरमीडिएट शाफ्ट, तोच आयएमएस. क्रँक त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांवाटे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बंद वेष्टनाचं एक बॉल बेअरिंग आहे. बंद म्हणजे आत ग्रीस, बाहेर सील. कालांतराने सील कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, इंजिनचं तेल पुरेसं आत येत नाही आणि बेअरिंग कोरडं झिजतं. ते तुटलं की कॅमचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. अमेरिकेत यावरून सामूहिक खटला झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. त्यात साधारण 2001 ते 2005 दरम्यान बनलेल्या गाड्या होत्या, म्हणजे तुमची गाडी त्याच काळातली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण हेही खरं की या इंजिनांपैकी बहुतेक आजही मूळ बेअरिंगवर फिरतायत, आणि ज्यांचं काही झालं नाही ते रात्री दोन वाजता इंटरनेटवर लिहायला बसत नाहीत.

तुमच्या वर्षाच्या गाडीचा एक फायदा आहे. हे बेअरिंग इंजिन न फोडता बाहेर येतं. 2006 च्या आसपास जे मोठं बेअरिंग आलं ते सहसा जात नाही, पण बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. तुमच्याकडे गिअरबॉक्स आणि क्लच उतरवला की बेअरिंग समोर. म्हणून त्याचा हिशोब क्लचबरोबर करायचा.

पण त्याआधी एक चाचणी. तेल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर फेकू देऊ नका. त्याचा कागद ब्लेडने कापा, पिळून तेल काढा, घड्या उलगडून पांढऱ्या कागदावर उन्हात पसरा आणि तांदूळ निवडतात तसं निवडा. काळे प्लास्टिकचे बारीक कण दिसले तर ते साखळीच्या गाईडचे, थोडे असतील तर चिंता नाही. चंदेरी चकाकणारे दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले म्हणजे पोलाद, आणि पोलाद बेअरिंगमधून आलेलं असू शकतं. तसं असेल तर गाडी चालवू नका आणि नवीन बेअरिंगही बसवू नका. भुगा आधीच सगळ्या इंजिनात फिरलेला असतो, त्यावर नवीन बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथून पुढे इंजिन उघडायचं की नाही हा वेगळा प्रश्न, तेव्हा पुन्हा लिहा.

फिल्टर स्वच्छ निघाला तर शांत झोपा आणि क्लचकडे बघा. 52 हजार किलोमीटर मुंबईतले असतील आणि क्लच मूळचा असेल तर त्याचे दिवस भरत आलेत. तो काढायचा तेव्हा एकाच मजुरीत बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि फ्लायव्हील तपासून गरज असेल तर तेही. चारातले दोन लाख यासाठी वेगळे ठेवा आणि त्याला हात लावू नका. काम कुणाकडे द्यायचं याची परीक्षा सोपी आहे. विचारा, "क्रँक लॉक करायची पिन आणि कॅम धरायचं टूल तुमच्याकडे आहे का?" हे काम करताना टायमिंग जागच्या जागी बांधून ठेवावं लागतं. समोरचा माणूस "होऊन जाईल साहेब" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

तेल पोर्शेच्या ए40 मान्यतेचं, 0डब्ल्यू-40. आठेक लिटर लागतं, आकडा ऐकून दचकू नका. किलोमीटर किती झाले ते न बघता वर्षातून एकदा बदला. आणि गाडी चालवा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून "चालवली" म्हणणारे बरेच मालक असतात. तेवढ्यात तेल तापत नाही, आत साचलेली ओल जात नाही, उलट पेट्रोल तेलात मिसळतं. पहाटे निघा, नाशिक हायवेने शहापूरपर्यंत जा, मिसळ खा, परत या. इंजिन तापेपर्यंत तीन हजार आरपीएमच्या आत, तापल्यावर मात्र मोकळं सोडा. हे इंजिन खालच्या आरपीएमवर कुंथत चालवण्यासाठी बनवलेलं नाही, आणि बेअरिंगलाही तसं चालवणं मानवत नाही.

आणखी एक छोटी तपासणी, पैशाविना. इंजिन गरम, आयडलवर असताना मागच्या डिकीतलं तेल भरायचं झाकण उघडून बघा. थोडी ओढ जाणवणं ठीक. झाकण निघता निघत नसेल, काढताच इंजिन अडखळत असेल, आणि कधीतरी स्टार्ट करताना मागून पांढऱ्या धुराचा लोट आला असेल, तर तेल आणि वाफ वेगळी करणाऱ्या एअर ऑइल सेपरेटरचा पडदा फाटलाय. तो बदला, लांबवू नका. फार झालं तर तो इंजिनात तेल ओढू लागतो.

पार्टबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण तिथेच लोक गंडतात. पोर्शेच्या खोक्यात जो क्लच येतो तो बहुधा सॅक्सचा, फिल्टर मालेचा. तोच माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो. ऑपेरा हाउसच्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला क्लिपा, होज, बल्ब, पट्टे खुशाल घ्या. कॉइल, ब्रेकचे भाग आणि एअरबॅगसंबंधी काहीही जुनं, "दुसऱ्या गाडीचं काढलेलं" घेऊ नका. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, नाहीतर पार्सल आल्यावर पोस्टमनसमोर तोंड पडतं.

आता तुमची आवडती यादी.

रिमॅप नको. टर्बो असलेल्या इंजिनात रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक कळतो. तुमचं इंजिन टर्बोशिवायचं आहे. हवा जेवढी येते तेवढीच येणार, ईसीयूला कितीही गोड बोललात तरी. 228 हॉर्सपॉवरच्या गाडीत त्यातून जे काही निघेल ते सायन सर्कलला कळणार नाही आणि शहापूरलाही नाही.

18 इंची अलॉयही नको. रिम जेवढी मोठी तेवढी टायरची बाजू पातळ, आणि आपल्या खड्ड्यांत पहिला मार रिमलाच. 17 इंचीवर राहा, पुढे 205/50, मागे 255/40. टायर मात्र लगेच बघा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचे टायर ओल्या रस्त्यावर या गाडीला धोक्याचे, कारण वजन मध्ये आणि मागे आहे आणि मागचं टोक सुटलं की सावरायला वेळ देत नाही. मागच्या मालकाची गाडी दोन वर्षं उभी होती, तेव्हा टायर जुनेच असणार. चार नवीन टायर, नवीन ब्रेक ऑइल (ते हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांत बदलायचंच, तुमचं बहुधा तसंच राहिलंय), खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, शॉकअप दमले असतील तर ते, आणि शेवटी अलाइनमेंट. एवढं केलंत की गाडी जी पळेल ती तुम्ही आजवर चालवलेलीच नाही. लोक ज्याला अपग्रेड म्हणतात त्यातलं बरंचसं कारखान्यातून आलेल्या स्थितीपर्यंत परत जाण्यातच मिळतं.

एक्झॉस्टचं म्हणाल तर इंजिन तुमच्या कानामागे वीतभर अंतरावर आहे. छत उघडा, तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांच्या पुढे न्या, फुकटचा आवाज ऐका. शिवाय रात्री दोनच्या अलार्मनंतर सोसायटीला आता मोठा सायलेन्सर ऐकवणार? कायदाही आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ स्वरूपात फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच पुन्हा बजावलं. न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा अडवू शकते, आणि पाण्यात गेलेल्या इंजिनचा दावा अडवून घेणं तुम्हाला परवडणार नाही.

पाण्यावरून आठवलं. डाव्या दारामागे जी जाळी आहे तिथून इंजिन श्वास घेतं. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, या नावांच्या आसपास पावसात ही गाडी न्यायचीच नाही. समोरून बस गेली की तिची लाट त्या जाळीपर्यंत सहज पोचते. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकला.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख बघा. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचं शुल्क 80 हजार आहे, वर पर्यावरण कर वेगळा. गाडी 2004 लाच नोंदली असेल तर पुढची तारीख 2029 मध्ये कधीतरी येईल. ती रक्कम आतापासून धरा. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं भरा, पोर्शेची शिफारस 98 ची आहे. आणि टाकी भरून महिनोन्महिने उभी ठेवू नका, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं आणि 2004 च्या रबरी नळ्या त्या हिशोबाने बनलेल्या नाहीत. पेट्रोलचा वास येतो का याकडे लक्ष असू द्या.

वहिनींचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. पांढरा हत्ती गाडी नसते, हिशोब नसलेली गाडी असते. एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, कितीला, कुणाकडून. दोन लाख बेअरिंग-क्लचचे बाजूला, उरलेल्यातून आधी निदान, मग कॉइल, पंखे, रेडिएटर, मग टायर आणि ब्रेक, या क्रमाने. वही वहिनींसमोर उघडी ठेवा. वर्षअखेरीस आकडा बघून त्याच म्हणाल्या की विका, तर विका. तेव्हा त्या वहीमुळे गाडीला आजच्यापेक्षा बरी किंमत येईल, आणि घेणाराही तुम्हाला शिव्या देणार नाही.

गालिचा आज. कॉइलची अदलाबदल रविवारी. फिल्टर कापलात की उन्हात पसरलेल्या घड्यांचा जवळून फोटो काढून पाठवा, चुंबक शेजारी ठेवून. आणि क्लच पेडल कितीशा उंचीवर पकडतो तेही कळवा, म्हणजे बेअरिंगचं काम दिवाळीआधी काढायचं की पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचं ते सांगता येईल.